सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग मूठ का वळत नाही?

पत्र:

ताई, माझं वय ४९. दीड वर्ष झालं पाळीचा काही नेम राहिलेला नाही, कधी दोन महिन्यांनी कधी पाच महिन्यांनी येते. पण मी लिहितेय ते सांध्यांसाठी. सकाळी उठले की बोटं इतकी आखडलेली असतात की मूठ वळत नाही, दहा-पंधरा मिनिटांनी सुटतात. अंगठ्याच्या मुळाशी ठणकतं, बरणीचं झाकण उघडायला मुलाला हाक मारावी लागते. जिना उतरताना गुडघे दुखतात. आणि दोन महिन्यांपासून डावा खांदा, हात मागे नेऊन ब्राचा हुक लावता येत नाही. रक्त तपासलं तर सगळं नॉर्मल, फक्त युरिक ॲसिड थोडं वर. घरचे म्हणतात वय झालं आता असं चालायचंच, बहीण म्हणते तू फार डोक्यात घेतेस. गुडघे झिजतील म्हणून मी रोजचं चालणं बंद केलंय. चार महिने झाले रोज एक पेनकिलर घेते. मध्ये ओळखीतल्या एकीने एक पुडी दिली होती, कागदावर नाव वगैरे काही नाही, पण दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटलं, महिनाभर घेतली, संपली आणि परत तेच. हा संधिवात आहे का? मी अंथरुणाला खिळणार का? हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का? की खरंच सगळे माझ्या मनाचेच खेळ आहेत?

उत्तर:

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते म्हणजे बाकीचं तुम्ही जरा शांतपणे वाचाल. नाही, हे मनाचे खेळ नाहीत. जे दुखतंय ते खरंच दुखतंय आणि त्याला शरीरात कारण आहे. मी २६ वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतेय आणि तुमच्या वयाच्या कितीतरी बायका समोर बसून हेच वाक्य बोलतात, "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, पण...", आणि त्या "पण"च्या पुढचं त्यांचं कुणी ऐकूनच घेतलेलं नसतं, बऱ्याच जणी तिथेच रडायला लागतात. म्हणून तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत ते फार बरं केलंत.

सगळ्यात आधी ती पुडी. जी पुडी दोन दिवसांत सगळे सांधे मोकळे करते आणि जिच्यावर नाव नसतं तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, माझ्याकडे अशा पुड्या घेऊन तोंड सुजलेल्या, शुगर वाढलेल्या बायका आलेल्या आहेत. तुमच्या पुडीत काय होतं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तुम्ही ती महिनाभर घेतली आणि एकदम थांबली, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. रोज बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, मग अचानक बंद केलं की प्रचंड थकवा, चक्कर, उलट्या, बीपी खाली जाणं असं होऊ शकतं. असं काही होत असेल तर हे उत्तर पुढे नंतर वाचा, आधी आजच्या आज डॉक्टरांकडे जा. आणि परत ती पुडी आणू नका, अगदी कितीही दुखलं तरी. स्टिरॉइड हे औषध म्हणून वाईट नाही, योग्य आजारात योग्य डोसने डॉक्टर देतातच, पण न सांगता पोटात जाणारं स्टिरॉइड हाडं पोखरतं, आणि तुमच्या वयात हाडांना आधीच धक्का बसायला लागलेला असतो.

आता हे सगळं का होतंय ते सांगते. इस्ट्रोजेन म्हटलं की आपल्याला फक्त पाळी आणि मूल एवढंच आठवतं, पण त्या हार्मोनचं काम सगळ्या अंगभर चालू असतं. सांध्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण), सांध्याचं आतलं मऊ अस्तर, हाडं, स्नायू, स्नायू हाडाला जोडणारे ते दोरीसारखे टेंडन, या सगळ्यांच्या पेशींना इस्ट्रोजेनचा निरोप कळतो. सूज आटोक्यात ठेवायला, टेंडन लवचिक राहायला, इतकंच काय दुखणं मेंदूपर्यंत किती जोरात पोचायचं यातसुद्धा त्याचा हात असतो. आणि पाळी जायच्या आधीची जी काही वर्षं असतात, ज्यात तुम्ही आत्ता आहात, त्यात ते गुपचूप हळूहळू कमी होत नाही, वर जातं खाली येतं परत वर जातं, म्हणून एखादा आठवडा एकदम छान जातो आणि पुढच्या आठवड्यात उठवत नाही, आणि घरच्यांना वाटतं हिचं रोज वेगळंच काहीतरी असतं.

इस्ट्रोजेन आणि सांधे यांचा संबंध बघायचा असेल तर स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल या गोळ्या घेणाऱ्या बायकांना विचारा. त्या गोळ्या शरीरातलं इस्ट्रोजेन अगदी तळाला नेतात आणि मग त्यांच्यातल्या खूप जणींचे सांधे दुखायला लागतात, सकाळी बोटं आखडतात, अगदी तुमच्यासारखीच. हे काही आजच कळलंय असंही नाही. १९२५ साली सेसिल आणि आर्चर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी पाळी जातानाच्या संधिवातावर लेख लिहिला होता. आणि या सगळ्या तक्रारींना मिळून एक नाव द्या, असं व्होंडा राइट या हाडांच्या सर्जन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलं ते २०२४ मध्ये, 'मस्क्युलोस्केलेटल सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' असं. मध्ये ९९ वर्षं गेली हो! त्यांनी लिहिलंय की या काळात ७० टक्क्यांहून जास्त बायकांना सांधे-स्नायूंचा काही ना काही त्रास होतो आणि साधारण २५ टक्के बायकांना तो इतका होतो की रोजची कामं अडतात. तेव्हा बहिणीला सांगा की हे डोक्यात घेतलेलं नाही.

पण आता मी उलट्या बाजूनेही बोलणार आहे, कारण तीही चूक मी बघितलेली आहे. आधी सगळं "वय झालं" मध्ये टाकायचे, आता सगळं "मेनोपॉज" मध्ये टाकायला लागलेत, आणि त्यात खरा आमवात महिनोन्महिने तसाच राहून जातो. आपल्या भाषेने पण यात घोळ घातलाय, गुडघा दुखला वात, बोटं सुजली वात, कंबर धरली वात. संधिवात या एका शब्दात आपण दोन अगदी वेगळे आजार कोंबतो. एक ऑस्टिओआर्थ्रायटिस, ज्याला लोक झीज म्हणतात, आणि दुसरा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवात, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. दोघांची औषधं वेगळी, घाई वेगळी. आणि पंचाईत अशी की आमवातही बऱ्याच जणींना याच वयाच्या आसपास सुरू होतो.

फरक कसा ओळखायचा ते बघा. सकाळचा आखडलेपणा घड्याळ लावून मोजा. झिजेच्या दुखण्यात तो साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो, आमवातात बहुतेक वेळा तासभर किंवा त्याहूनही जास्त रेंगाळतो. मग हात टेबलावर ठेवा आणि नीट बघा. नखाच्या लगतचा सांधा किंवा मधलं पेर टणक, हाडासारखं जाड झालंय का, तर ते झिजेकडे जातं, नखालगतच्या त्या गाठींना हेबरडेन नोड म्हणतात आणि त्या बायकांमध्ये याच वयात उगवतात. याउलट बोटं जिथे तळव्याला जोडलेली असतात ती मोठी पेरं आणि मनगट जर मऊ, पिठाच्या गोळ्यासारखं फुगलेलं असेल, दोन्ही हातांना सारखंच असेल, कुणी हात मिळवला तरी कळ येत असेल, तर तो आमवात असू शकतो आणि मग थांबायचं नाही, रुमॅटॉलॉजिस्टकडे म्हणजे सांध्यांच्या अशा आजारांच्या तज्ज्ञाकडे जायचं, कारण त्यात पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. अंगावर सोरायसिसचे चट्टे असतील, नखं खडबडीत झाली असतील तर तेही सांगा, त्याचाही वेगळा आर्थ्रायटिस असतो.

तुमच्या पत्रातून, दहा-पंधरा मिनिटांत सुटणारी बोटं, अंगठ्याचं मूळ, जिना उतरताना गुडघे, हे वाचून मला आमवातापेक्षा पाळी जातानाचा आखडलेपणा आणि अंगठ्याच्या मुळाशी सुरू होणारी झीज जास्त वाटते. पण मी तुमचे हात बघितलेले नाहीत. डॉक्टरांनी ते हातात घेऊन दाबून बघितले पाहिजेत, आणि नुसता कागद बघून "नॉर्मल आहे" म्हणाले असतील तर परत जाऊन हात पुढे करा. रिपोर्टमध्ये काय काय होतं तेही बघा. आमवातासाठी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, अंगातली सूज कळायला ईएसआर आणि सीआरपी, शिवाय थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, एवढं झालंय का? झीज रक्तात दिसतच नाही त्यामुळे तिचे रिपोर्ट नॉर्मलच येणार. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो आणि पॉझिटिव्ह असून काहीही नसू शकतं, म्हणून तर हात बघणं जास्त महत्त्वाचं. हार्मोनच्या टेस्टची मात्र पंचेचाळिशीनंतर सहसा गरज पडत नाही, तुमची पाळीच सांगतेय सगळं. युरिक ॲसिड थोडं वर असण्याचं फार मनावर घेऊ नका, इस्ट्रोजेन किडनीला युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं, ते कमी झालं की आकडा जरा वर सरकतो. युरिक ॲसिडमुळे होतो त्या गाऊटचं दुखणं कसं असतं, एकच सांधा, बऱ्याचदा पायाचा अंगठा, रातोरात लालभडक आणि चादर लागली तरी सहन होत नाही. तसं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

आता खांदा. हे मी जरा जास्त लिहिणार कारण हा माझाही गेलेला आहे. मी पन्नाशीची होते, टेबलावरून फोन घसरला, तो पकडायला झटकन हात पुढे केला आणि अशी कळ गेली की मी जमिनीवर बसले, दोन मिनिटं श्वास घेता येईना. त्याआधी महिनाभर हात मागे जात नव्हता आणि मी, जी दिवसभर लोकांचे खांदे बघते ती, कामाचा ताण असेल म्हणून सोडून देत होते. फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीत होतो, बायकांना जास्त, आणि शुगर किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर आणखी जास्त, म्हणूनच वर एचबीएवनसी लिहिलं. खांद्याभोवतीची पिशवी सुजते, मग जाड होऊन आवळते. आधी दुखण्याचा काळ, मग गोठण्याचा, मग हळूहळू सुटण्याचा, सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात पण बहुतेकींचा बऱ्यापैकी सुटतो. माझी चूक सांगते, मी घाईला येऊन एका ठिकाणी गेले, तिथे त्यांनी जोर लावून हात वर फिरवला, त्यानंतर चार रात्री मी खुर्चीत बसून काढल्या. दुखण्याच्या काळात खांद्याला ओढायचं नाही, कुणालाही ओढू द्यायचं नाही, आणि जोरात मालिश तर नाहीच.

तुमचा दोन महिन्यांचाच आहे म्हणजे आत्ता दाखवायची वेळ आहे. सुरुवातीच्या काळात सांध्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन दुखणं बरंच कमी करतं आणि झोप परत मिळते, हे त्या पुडीसारखं नाही, एकाच सांध्यात मोजून दिलेलं असतं. घरी एवढं करा, टेबलाला उजवा हात टेकून वाका आणि डावा हात सैल लोंबकळत सोडा, लंबकासारखा छोटा छोटा हलवा, दिवसातून तीन-चार वेळा एक-दोन मिनिटं. रात्री उजव्या कुशीवर झोपून डाव्या हाताखाली उशी घ्या म्हणजे हात पुढे ओढला जात नाही. आणि ब्राचा हुक पुढे लावून मग फिरवून घ्या, किंवा पुढून हुक असलेली वापरा, त्यात काही कमीपणा नाही.

आणि चालणं! ताई, चालणं का बंद केलंत, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं कारण ही एकच चूक बाकी सगळं बिघडवते. "झीज" या शब्दानेच घात केलाय, आपल्याला वाटतं गुडघा म्हणजे चपलेचा तळ, वापरला की संपणार. तसं नसतं. कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात, मग तिला खायला कुठून मिळतं, तर सांध्यातल्या वंगणातून, आणि ते आत शिरतं कसं तर स्पंजसारखं, पाय टेकला की दाबलं जातं, उचलला की शोषलं जातं. सांधा हलवलाच नाही तर कूर्चा उपाशी राहते. वर मांडीचे स्नायू बारीक होतात आणि गुडघ्यावरचा भार झेलायला कुणी उरत नाही, मग जिना उतरताना अजून दुखतं, मग तुम्ही अजून कमी चालता. सहा महिने गुडघे "जपलेल्या" बायका माझ्याकडे हाताने खुर्चीचा आधार घेत उठत येतात, आणि त्यांचा एक्सरे बघावा तर त्यात फारसं काही नसतं.

म्हणून उद्यापासून दहा मिनिटं, सपाट जागी, नीट बसणारे बूट घालून. आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत न्या, आठवड्याचे मिळून १५० मिनिटं हे लांबचं टार्गेट. पण नुसतं चालून भागत नाही, हे मी प्रत्येकीला सांगते आणि प्रत्येकीला ते आवडत नाही. ताकदीचा व्यायाम हवाच, आठवड्यातून दोन-तीन दिवस. सुरुवात खुर्चीपासून करा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, सरकू नये म्हणून, पुढच्या कडेला बसा, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे, हात छातीवर किंवा नुसते पुढे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत वाका आणि उठा. आता बसताना धपकन नाही, तीन आकडे मोजत बसायचं, खरं काम त्या सावकाश बसण्यातच आहे कारण जिना उतरतानाही स्नायू हेच काम करतात. आठ-दहा वेळा, थोडी विश्रांती, परत आठ-दहा. फार दुखत असेल तर बसायला दोन उशा ठेवून उंची वाढवा. जोडीला ओट्याला धरून टाचा वर उचलणं, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, आणि खांदा शांत झाल्यावर भिंतीला हात लावून ढकलणं. सोपं वाटायला लागलं की व्यायामातलं वजन वाढवायचं, तिथेच रेंगाळायचं नाही, कारण स्नायूला थोडं जड वाटल्याशिवाय तो वाढत नाही.

दुखलं तर? थोडं दुखेल. शून्य ते दहात मोजलं तर तीन-चारपर्यंत चालतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत दुखणं पहिल्यासारखं खाली आलं पाहिजे. नाही आलं तर व्यायाम बंद नाही करायचा, निम्मा करायचा. आणि तीन दिवसांत काही होणार नाही, सहा ते आठ आठवडे द्या, बारा आठवडे दिलेत तर जिना तुम्हाला स्वतःहून सांगेल. वजन जास्त असेल तर (तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून नुसतंच सांगते) एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो, म्हणजे खूप बारीक व्हायची गरज नाही, चार-पाच किलोनेही गुडघ्याला कळतं. पण उपाशी राहून वजन उतरवू नका, त्यात आधी स्नायू जातो. प्रोटीन दर जेवणात हवंच, वजनाच्या प्रत्येक किलोला दिवसाला एक ग्रॅम ते सव्वा ग्रॅम, किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

हातांचं. सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्यात पाच-सात मिनिटं हात बुडवून आतल्या आत मूठ उघडझाप करा, खूप फरक पडतो. आखडलेलं असेल तर शेक, सुजून गरम झालेलं असेल तर थंड, एवढं लक्षात ठेवा. अंगठ्याच्या मुळावर चिमटीने जितका जोर लावता त्याच्या कितीतरी पट भार पडतो, म्हणून चिमटीची कामं तळहाताकडे द्यायची. बरणी ओल्या फडक्यावर किंवा रबराच्या तुकड्यावर ठेवा म्हणजे ती फिरत नाही, झाकणावर पूर्ण तळवा ठेवा आणि बोटांनी नाही तर कोपरापासून हात फिरवा, उजव्या हाताने, डावा खांदा आत्ता नको. फडकं पिळताना नळाला गुंडाळून दोन्ही टोकं एकत्र फिरवायची. चाकूची, ब्रशची, पेनची मूठ जाड करून घ्या, फोमची नळी मिळते ती चढवली तरी होतं. फोनवर अंगठ्याने टाईप करणं बंद, दुसऱ्या बोटाने करा नाहीतर बोलून टाईप करा. अंगठ्याचा आधारपट्टा म्हणजे स्प्लिंट मिळतो, तो कामाच्या वेळी घाला, त्याने अंगठा कमकुवत होत नाही, माझ्या ओळखीत लोक तो घालायला उगाच लाजतात. आणि बोटात अंगठी घट्ट व्हायला लागली असेल तर आत्ताच काढून ठेवा, सूज आल्यावर कापावी लागते.

पेनकिलर. चार महिने रोज, आणि कुणालाही न विचारता, हे थांबवायला हवं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या रोज घेतल्या की पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो, बीपी चढतं, किडनीवर ताण येतो, आणि बीपीची गोळी चालू असेल तर आणखीच. शौचाला काळं डांबरासारखं होत असेल तर ताबडतोब हॉस्पिटल. डॉक्टरांकडे जाताना गोळीची पट्टी घेऊन जा, किडनीची टेस्ट आणि बीपी बघायला सांगा. हाताला आणि गुडघ्याला डायक्लोफेनॅकची जेल लावली तर बऱ्याच जणींना पुरतं, रक्तात फार कमी जातं, फक्त दिवसातून तीन-चार वेळा, आठवडाभर तरी नेमाने लावली पाहिजे, दुखलं की कधीतरी एकदा चोळून उपयोग नाही. गोळी लागलीच तर डॉक्टर ठरवतील कोणती आणि किती दिवस. ग्लुकोसामाइनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण कुणीतरी सुचवेलच म्हणून सांगते, २००६ साली १,५८३ लोकांवर मोठा अभ्यास झाला होता त्यात गुडघ्यासाठी एकंदरीत ते खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा काही वेगळं ठरलं नाही. पैसे वाचवा. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी हाडांसाठी आहेत, कमी असेल तर घ्याच, पण त्याने सांधेदुखी जाईल ही आशा ठेवू नका.

हार्मोन घ्यावेत का? तुमच्या पत्रातला हाच प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि मला त्यात भीतीही घालायची नाही आणि स्वप्नही दाखवायचं नाही. भीती आली २००२ मधून, हार्मोनच्या गोळ्यांवरचा अमेरिकेतला विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह हा अभ्यास स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला म्हणून मध्येच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. आता असं मानतात की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं आणि बाकी धोके नसले तर बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. मात्र हे औषध मुख्यतः अंगातून वाफा येणं, रात्रीचा घाम, झोप उडणं यासाठी देतात. सांध्यांचं बघायचं तर त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात, गर्भाशय काढलेल्या १० हजार ७०० हून जास्त बायकांमध्ये, वर्षभरानंतर सांधेदुखी इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत ७६ टक्के जणींना आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत ७९ टक्के जणींना होती. फरक खरा आहे पण छोटा आहे. काही जणींना प्रत्यक्षात खूप बरं वाटतं, मी बघितलंय, काहींना काहीच नाही.

तेव्हा तुम्हाला वाफा येत असतील, रात्री घामाने जाग येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी जरूर बोला, त्याबरोबर सांधेही सुटले तर चांगलंच. फक्त सांध्यांसाठी म्हणून मी तरी आधी व्यायामाचे तीन महिने पूर्ण करा म्हणेन. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, लिव्हरचा आजार असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल तर सहसा देत नाहीत. तुमचं गर्भाशय आहे म्हणजे इस्ट्रोजेन एकटं चालत नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराला धोका. आणि पॅच किंवा जेलने गाठीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो, हेही त्यांना विचारा.

झोपेबद्दल दोनच ओळी पण त्या महत्त्वाच्या आहेत. रात्र नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं दुप्पट वाटतं, आणि दुखण्याने रात्र जात नाही, हे चक्र आहे. खांद्याची उशी, खोलीत गारवा, झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्याने आंघोळ, आणि घामाने जाग येत असेल तर तेवढ्यासाठी डॉक्टर, हे सगळं सांध्याचंच औषध समजा.

अंथरुणाला खिळणार का, असं विचारलंत. तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं होण्याचं काही कारण मला दिसत नाही. पाळी जातानाचा हा आखडलेपणा बऱ्याच जणींचा हार्मोन स्थिरावले की पुढच्या काही वर्षांत ओसरतो. अंगठ्याची झीज राहील, पण झीज राहणं आणि रोज दुखत राहणं हे एक नव्हे, एक्सरे खराब असलेल्या कितीतरी बायका मजेत जिने चढतात. मात्र एखादा सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, किंवा विनाकारण वजन उतरणं, किंवा कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आत बधिर होणं, असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

घरच्यांचं "वय झालं" ऐकून मला राग येतो, खरंच येतो. ४९ हे काही हातपाय गाळायचं वय नाही, अजून पस्तीस-चाळीस वर्षं याच गुडघ्यांवर काढायची आहेत. मुलाला झाकण उघडायला बोलावता तेव्हा त्याला एकदा हे पत्र आणि उत्तर वाचायला द्या, आणि खुर्चीतून उठायचा व्यायाम करताना शेजारी बसून आकडे मोजायला सांगा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आठ-दहा दिवस एका वहीत तीनच गोष्टी लिहा, सकाळी मूठ वळायला किती मिनिटं लागली, रात्री किती वेळा जाग आली, आणि पाळी आली असेल तर तारीख. वही, गोळीची पट्टी, पुडीचा कागद शिल्लक असेल तर तो, आणि सगळे जुने रिपोर्ट एका पिशवीत घाला. आत गेल्यावर पहिलं वाक्य "सगळं अंग दुखतं" असं नको, कारण त्याला उत्तरही तसंच मोघम मिळतं. "माझी मूठ सकाळी बारा मिनिटं वळत नाही आणि डावा हात दोन महिने मागे जात नाही, हात बघता का?" असं म्हणा. बारा आठवड्यांनी मला परत लिहा, किती वेळा उठता येतंय खुर्चीतून ते आकड्यात लिहा, मी वाट बघतेय.